आईच्या पायावरचं पाणी

आता कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही! तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसा. फक्त चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, एवढंच.

माझा पराक्रम सांगण्याआधी माझी नोकरी सांगायला हवी. मी नाशकात अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. माल खराब निघाला की आम्ही पाच वेळा ‘का?’ विचारतो. का बिघडलं? ते तसं का झालं? आणि तेही का? पाचव्या ‘का’ला मूळ दोष हाती लागतो, असं आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय. बावीस वर्षं मी हेच शिकवतोय. घरी भाजी खारट झाली तरी मी पाच वेळा विचारायचो. आता नाही विचारत. तिसऱ्याच ‘का’ला माधुरीने, म्हणजे माझ्या बायकोने, डाव माझ्या हातात दिला होता.

तर, आमच्याकडे बाबांची जुनी गाडी आहे. निळी, गोल दिव्यांची, स्टीअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. दर नवरात्रात बाबा आईला शेजारी बसवून वणीला देवीच्या दर्शनाला न्यायचे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती वारी राहिलीच.

यंदा श्रावणात आईला घेऊन सोमेश्वरला निघालो होतो. पाऊस चालू होता.

“अरे, माझ्या पायावर पाणी पडतंय,” आई म्हणाली.

“कुठून?”

“ते तू बघ. कारखान्यात तपासणारा तू आहेस.” मग जरा थांबून म्हणाली, “यंदा नवरात्रात वणीला जायचंय. याच गाडीतून, माझ्या जागेवर बसून. फक्त पाय कोरडे राहू देत रे, गार पाण्याने गुडघे धरतात.”

अहो, पंचाहत्तर वर्षांच्या बाईने मागून मागून मागितलं काय? कोरडे पाय! मी तिथल्या तिथे ठरवलं. मुळापर्यंत जायचं. थातूरमातूर काम करायचं नाही.

बाबांच्या वेळचे मिस्त्री दामूअण्णा एकलहऱ्याला राहतात. चार वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी गॅरेज बंद केलं. त्यांना मानाने बोलावून आणलं. अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीवर बोट ठेवलं.

“भाऊ, आधी हिच्यात एक तार घालून बघू. पाणी जायची वाट हाय ना हितं...”

“अण्णा, तार वगैरे नको. आपण पद्धतशीर जाऊ. मी चौदा व्हिडिओ बघितलेत. पाणी काचेच्या रबरातून येतंय.”

“तसं नाय भाऊ, ती जाळी...”

“जाळी नंतर!”

अण्णांनी जाळीवरचं बोट काढून घेतलं. तेव्हाच मी त्यांचं ऐकलं असतं तर हा किस्सा इथेच संपला असता आणि तुमचा चहाही गरम राहिला असता.

पहिला ‘का’. पायावर पाणी का? रबर कडक झालंय म्हणून. ओळखीच्या एका गॅरेजात गाडी लावली, अण्णांना देखरेखीला बसवलं. रबर काढताना काच तडकली. तशी काच अख्ख्या नाशकात मिळेना. शेवटी मालेगावला जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्याकडे सापडली आणि मी ती बसमधून मांडीवर घेऊन आलो. चांदवडच्या घाटात कंडक्टर म्हणाला, “काका, काच फुटली तर तुम्ही ओरडायचं नाही हां, माझे पॅसेंजर झोपलेत.”

दुसरा ‘का’. नवी काच बसत का नाही? चौकट गंजलीय म्हणून. वेल्डिंग करायचं तर डॅशबोर्ड काढावा लागेल. काढा!

डॅशबोर्ड काढला आणि मागच्या वायरींना हात लावला, तर त्यांचं आवरण शेवेसारखं गळून पडलं. सगळी वायरिंग नवी करायची ठरली. तिसरा ‘का’ झाला.

त्यात अण्णांनी पायाखालचं मॅटिंग उचललं. खाली गॅरेजची फरशी दिसली. एक मांजरही दिसलं. त्याने वर बघितलं, मी खाली बघितलं. पत्रा सडलाय का? सडलाय. कापा! सीट काढा!

आणि इथे मी ते वाक्य बोललो. जुनी गाडी असणाऱ्या माणसाने हे वाक्य कधीही तोंडातून काढू नये, हात जोडून सांगतो. मी म्हणालो, “अण्णा, एवढं खोललंच आहे, तर इंजिनपण उतरवून बघू.”

अण्णांनी कपाळावर हात मारला. “इंजिन लय झ्याक हाय, भाऊ! त्याचा अन् पाण्याचा काय संबंध? तुम्ही एकदा ती जाळी...”

“अण्णा! जाळीचं नाव पुन्हा काढायचं नाही!”

नाही काढलं बिचाऱ्यांनी. वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस आणि मी त्यांना असा बोललो. आजही आठवलं की लाज वाटते.

घटस्थापनेला आईने फोनवरून विचारलं, “काय रे, कधी निघायचं?” मी गॅरेजमध्ये उभा होतो. इंजिन एका कोपऱ्यात, दारं दुसऱ्या कोपऱ्यात आणि सीटवर मांजर.

“होतंय आई. थोडंच राहिलंय.”

माधुरी म्हणाली, “अहो, आपल्या दुसऱ्या गाडीतून नेऊ या की त्यांना.” पण आई ठाम. जाईन तर माझ्या जागेवर बसून. मीही ठाम. गाडी तयार करीनच. अशा दोन ठाम माणसांच्या मध्ये नऊ माळा निघून गेल्या. आई एका शब्दाने बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या सकाळी गाडी आली. नवा निळा रंग, नवी वायरिंग, नवा पत्रा, इंजिनाचा आवाज तर शिवणयंत्रासारखा! सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, आपट्याची पानं. सगळं मी स्वतःच्या हाताने केलं. आईचे डोळे भरून आले. म्हणाली, “आता कोजागिरीला तरी जाऊ.”

तिथेच थांबावं ना? पण तपासणी केल्याशिवाय माल सोडायचा नाही, ही बावीस वर्षांची सवय. आईला तिच्या जागेवर बसवलं. माधुरी, अण्णा, शेजारीपाजारी गोळा केले आणि बागेचा पाइप काचेवर सोडला.

“आई, पाय कोरडे?” मी विजयी सुरात ओरडलो.

आतून आवाज आला, “भिजले.”

शेजाऱ्यांनी नारळाच्या वड्या तिथेच ठेवून काढता पाय घेतला. मी पाइप धरून तसाच उभा. मग अण्णा पुढे आले. खिशातून एक तार काढली. पठ्ठ्या दोन महिने ती खिशात घेऊन फिरत होता! जाळी उचकटली, तार आत घातली आणि ओढली.

आपट्याची पानं! वर हिरवीगार, त्याखाली तपकिरी, त्याखाली काळा लगदा. तो निघाला आणि पाणी गटगट करत गाडीखालून वाहून गेलं.

“तुमचे बाबा होते तवा दर दिवाळीला मीच काढायचो हे,” अण्णा म्हणाले. “गॅरेज बंद केलं, तवापासून साठलं. पण घालतंय कोण, ते काय कळलं नाय कधी.”

“दसऱ्याचं सोनं?” आई खाली उतरली. “जाळीत कोण कोंबतं?”

माझ्यातला क्वालिटीवाला एकदम जागा झाला. “थांबा! शांतपणे विचार करू. पाणी का तुंबलं? वाट बंद झाली. वाट का बंद झाली? पानं अडकली. पानं का अडकली? कुणीतरी जाळीत खोचली. बॉनेटवर का नाही ठेवली? कारण बॉनेटवर ठेवली की वाऱ्याने उडतात.”

“उडतात हे तुम्हाला कसं माहीत?” माधुरीने विचारलं.

पाचवा ‘का’ तिने विचारला होता.

बाबा म्हणायचे, पहिलं सोनं गाडीला द्यायचं. शाळेत होतो तेव्हापासून दर दसऱ्याला ते काम माझ्याकडे आहे. आणि वरची ती हिरवीगार पानं तर मी तासाभरापूर्वीच खोचली होती, नीट दाबून.

कोजागिरीला वणीला गेलो. आई तिच्या जागेवर, मागे माधुरी आणि अण्णा. दिंडोरीच्या पुढे परतीच्या पावसाने झोडपलं. मी घाबरत घाबरत विचारलं, “आई, पाय?”

“कोरडे आहेत,” आई म्हणाली. मग मागे वळली. “अण्णा, तुमची ती तार आणलीय ना?”

“हाय की, वहिनी.”

“उतरलो की एकदा याच्या डोक्यात घालून बघा. पाणी जायची वाट तिथेही बंद दिसतेय.”