फरशीची वडी

वडीकाकूंच्या भेगाळलेल्या हातांकडे कुणी पाहिलं तर आधी वाटे, बाईंना काहीतरी कातडीचा आजार असावा. आजारबिजार काही नव्हता. बावीस वर्षं एका सातमजली कचेरीत त्यांनी साफसफाई केली होती, तिथली ती कमाई. ढकलगाडीवर सात बाटल्या असत. काचेची निळी, फरशीची हिरवी, संडासाची काळी, टेबलांची आणखी कुठली. प्रत्येकीवर बारीक अक्षरांत पानभर सूचना. वाचायला वेळ कुणी द्यायचा? एकदा दोन बाटल्यांतलं पाणी एका बादलीत पडलं आणि काकू जिन्यात बसून तासभर खोकल्या. मुकादमाने येऊन पहिला प्रश्न विचारला, "लेबल वाचलं नव्हतं का?" हातमोजे कुठे आहेत, हे त्याने विचारलं नाही, कारण ते त्यानेच दिले नव्हते. लेबल या शब्दाचा काकूंना राग आहे तो तेव्हापासून.

नोकरी सुटली आणि थोरल्या जाऊबाईंनी त्यांना साबण करायला शिकवला. तेल मोजायचं, कॉस्टिक सोडा पाण्यात सोडायचा (पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही, नाहीतर तोंड भाजून घ्यायचं), दोन्ही एकत्र घोटायचं, लाकडी खोक्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापायच्या आणि मागच्या खोलीत फळ्यांवर मांडून ठेवायच्या. मग सहा आठवडे काही करायचं नाही. हे काही न करणंच सगळ्यात अवघड, असं काकू म्हणत. कच्चा साबण कातडीला चावतो. म्हणून मुदत भरली की प्रत्येक घाण्यातल्या एका वडीला त्या जीभ लावून बघत. झिणझिणलं तर घाणा परत फळीवर. कुणी या साबणाला "नैसर्गिक" म्हणून कौतुक केलं की त्यांच्या कपाळावर आठी चढे. "कॉस्टिक काय झाडाला लागतं? नैसर्गिक नका म्हणू. मुरलेला म्हणा."

आणि हा मुरलेला साबण एकच होता. घरात भांडी त्यानेच, कपडे त्यानेच, फरशीच्या बादलीत त्याचाच कीस, आणि न्हाणंही त्यानेच. काकूंचे यजमान दाढीसुद्धा त्यानेच करत आणि गाल चोळत म्हणत, "बघ, फरशीसारखा लख्ख झालो." वर्षभरात काकूंच्या बोटांच्या भेगा भरून आल्या. ही गोष्ट सगळ्या जगाला कळली पाहिजे असं त्यांना फार वाटे. जगाला मात्र त्याची किळस आली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने साध्या कागदात गुंडाळलेल्या वड्या चार महिने मांडून ठेवल्या. बायका उचलून वास घेत, "कशासाठी आहे?" विचारत, आणि "सगळ्यासाठी" असं उत्तर आलं की खाली ठेवून देत.

"काकू, ज्या साबणाने कढई घासायची त्याच साबणाने तोंड धुवायला लोक तयार नाहीत हो," दुकानदार म्हणाला. "मी चार लेबलं छापून आणतो. चेहऱ्यासाठी, बाळासाठी, भांड्यांसाठी, फरशीसाठी. साबण तुमचा तोच राहू द्या."

"ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? फरशीसाठी आहे की नाही? आहे. बाळासाठी आहे की नाही? आहे. मग खोटं काय लिहिलं?"

घरी येऊन काकूंनी भांडी आपटली, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी छापून आलेली लेबलं ठेवून घेतली. चिकटवायचं काम यजमानांकडे. ते चष्मा नाकावर आणून वडी हातात धरत आणि विचारत, "ही काय, चेहरा की फरशी?" काकू पाठ न वळवता सांगत, "लावा हो कुठलंही, सगळं एकच." वड्या भराभर खपू लागल्या. जितक्या जास्त खपत तितका काकूंचा पारा वर चढे, पण बंद करा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मग एका सकाळी दुकानदाराचा निरोप आला. मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एका घरी गोंधळ झालाय. तुमच्या साबणाचं प्रकरण आहे, तुम्हीच निस्तरा. एवढं सांगून त्याने हात झटकले.

काकू जिने चढून गेल्या. दार एका आजीबाईंनी उघडलं. कडेवर आठ महिन्यांचा गुबगुबीत नातू. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची सून उभी होती, डोळे सुजलेले. टेबलावर एक चुरगळलेलं लेबल पुराव्यासारखं ठेवलं होतं. त्यावर लिहिलं होतं, फरशीसाठी.

"ह्या बाईने माझ्या नातवाला फरशीच्या साबणाने आंघोळ घातली," आजीबाई म्हणाल्या. "एकदा नाही, आठवडाभर! बाळाची वडी कपाटात तशीच. कचऱ्यात हे लेबल सापडलं म्हणून कळलं तरी."

"बाळाला काही झालं का?" काकूंनी घाबरून विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, कातडी छान आहे. पण डॉक्टरांना काय जातंय बोलायला? तीन दिवस झाले, मी त्याला हिच्या हाती देत नाही. आंघोळ माझ्याकडे, झोप माझ्याकडे. दूध पाजण्यापुरतं देते, तेही समोर बसून. जिला फरशी आणि मूल यांतला फरक कळत नाही, तिच्या भरवशावर कसं सोडायचं?"

साबण ओला होता, कागद आधीच सुटला होता, हे सुनेचं शंभरदा सांगून झालं असणार.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो ताई, साबण एकच आहे! फरशीचा, बाळाचा, सगळा एकाच खोक्यातला. तुमच्या कपाटातली वडी आणि ही वडी, सख्ख्या बहिणी आहेत त्या. ह्या पोरीने काहीही चूक केलेली नाही."

आजीबाईंनी शांतपणे विचारलं, "एकच आहे, तर मग वेगवेगळं लिहिलंत कशाला?"

"दुकानदाराने छापलं."

"चिकटवलं कुणी?"

"आमच्या ह्यांनी."

"आणि तुम्ही काय केलंत?"

सकाळपासूनचा सगळा राग काकूंनी दुकानदारासाठी, मुकादमासाठी, ह्या खाष्ट बाईसाठी जमवून आणला होता. तो आता त्यांच्याच अंगावर उलटला. तीन दिवस एका आईला तिचं मूल मिळालं नव्हतं, आणि ते त्यांच्या चार शब्दांमुळे. "मी म्हटलं, लावा कुठलंही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मला लाज वाटते. त्या दुकानात आजपासून एकही लेबल राहणार नाही, मग वड्या खपोत की न खपोत. पण हिचं बाळ हिला द्या."

आजीबाईंनी मान हलवली. "तुमची चूक तुम्ही कबूल केलीत, चांगलं झालं. पण म्हणून हिची सुटत नाही. साबण एकच आहे हे हिला कुठे माहीत होतं? न बघता लावलाच ना? उद्या खरोखरच विषारी काही असतं तर?"

सगळं खरं सांगून झालं, स्वतःचं नाक कापून घेतलं, आणि तरीही ही पोर गुन्हेगार ती गुन्हेगारच! "अहो, काही असतं तर, काही असतं तर! जे नाही त्याची शिक्षा किती दिवस देणार तिला?" काकू ओरडल्याच. बाळ दचकून रडायला लागलं.

तेवढ्यात सून हलली. आजीबाईंसमोर येऊन तिने दोन्ही हात पुढे केले. "द्या इकडे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. आजीबाई द्यायच्या नव्हत्या, पण बाळच आईकडे झेपावलं, आणि अशा वेळी ओढून धरणार तरी किती. तिने त्याला खांद्यावर घेतलं, स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालच्या बादलीजवळची फरशीची अर्धी झिजलेली वडी उचलली आणि सरळ न्हाणीघरात शिरली. आतून कडी लागली. नळ सुटला. बाळाचं रडणं थांबलं आणि पाण्यावर हात आपटल्याचा आवाज आला.

आजीबाई दारावर थापा मारू लागल्या. "सूनबाई! दार उघड! ऐकतेस का?"

"ऐकतेय," आतून उत्तर आलं. "आंघोळ झाली की उघडते."