कागदावर नसलेला डाग

घड्याळवाले काका अकरा वर्षं रोज सकाळी परसात दुर्बीण लावत. सूर्याकडे थेट कधीच बघायचे नाहीत. दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पाडायचं आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने उतरवून घ्यायचे, हा त्यांचा नेम.

एके दिवशी बिंबाच्या कडेला नवा डाग दिसला. काका खूश झाले. पण पेन्सिल टेकवायला गेले, तर डाग सरकला. त्यांनी मान वळवली, तर तो भिंतीवरही आला! म्हणजे डाग सूर्यावर नव्हता, त्यांच्या डोळ्यातच होता. आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं पोट डोळ्यांवरच चालायचं.

दोन दिवस त्यांनी हे घरात लपवून ठेवलं. दुकानात बारीक स्क्रू हातातून निसटत राहिले. तिसऱ्या दिवशी डोळ्यापुढे काळे ठिपकेच ठिपके आले, तेव्हा बायकोला म्हणाले, "अगं, मी आंधळा होणार बहुतेक."

"आणि हे आज सांगताय?" म्हणत तिने त्यांना हाताला धरूनच दवाखान्यात नेलं.

डोळ्याचा पडदा फाटत चालला होता. लेसरने तो कसाबसा वाचला.

काका आजही सूर्याचे डाग उतरवतात. पण नवा डाग दिसला की पेन्सिल टेकवण्याआधी बायकोला हाक जाते, "अगं, इकडे ये, तुलाही दिसतोय ना?"