कुलूपबाईंची रजा

शाळेच्या ऑफिसात मोठ्या बाईंबद्दल कुणाचंच बरं मत नव्हतं आणि बाईंना त्याचा अभिमान होता. मुलं त्यांना पाठीमागे कुलूपबाई म्हणायची, शिक्षकही म्हणायचे, आणि शिपाई तर एकदा चुकून तोंडावरच म्हणाला होता. हेडक्लार्कच्या खुर्चीत त्यांचा उभा जन्म गेला. ऑफिसातल्या सगळ्या लोखंडी कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या पर्समध्ये, आणि पर्स कायम मांडीवर. साधा दाखला हवा असला तरी पालकांना आधी बाईंचा मूड सांभाळावा लागे.

कपाटांत काय कुठे आहे ते एक देव जाणे आणि दुसऱ्या बाई. प्रवेशाच्या फायली परीक्षेच्या कपाटात, शिक्षकांची सेवापुस्तकं प्रयोगशाळेच्या सामानाखाली, इमारतीचा सुरक्षा दाखला जुन्या गटफोटोंच्या मागे. हा गबाळेपणा नव्हता, बरं का. ही तटबंदी होती. दुसऱ्या कुणाला सापडायला लागलं तर मग आपल्याला विचारणार कोण?

घरी तर त्यांना कुणी विचारत नव्हतंच. तिथे सुनेचं राज्य. साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो तेही बाईंना ठाऊक नव्हतं, आणि हळूच उघडून बघायला गेल्या की सून म्हणायची, "आई, राहू द्या, मी देते." नवरा निवृत्त झाल्यापासून खिडकीजवळ शब्दकोडी सोडवत बसलेला. वर्षअखेरीला निवृत्त होऊन आपणही त्याच्या शेजारच्या खुर्चीत, हा विचारच बाईंना सोसत नसे. म्हणून त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती. ती हेडसरांच्या शिफारशीशिवाय मिळणार नव्हती, आणि हेडसर म्हणाले होते, "एवढी सरकारी तपासणी पार पडू दे बाई, मग लगेच वर लिहितो."

तपासणीची तारीख कळली तशी हेडसरांनी ऑफिसची बैठक घेतली. ऑफिस म्हणजे तरी कोण? बाई, शिपाई आणि 'नवी'. नवीला लागून चार वर्षं झाली होती, पण बाईंच्या लेखी ती नवीच.

नवी म्हणाली, "सर, तपासणीवाले ज्या क्रमानं विचारतात त्याच क्रमानं कागद लांब टेबलावर मांडून ठेवू या. आणि प्रत्येक गोष्ट निदान दोघांना माहीत पाहिजे. एखादं नसेल तर नाही म्हणून सरळ सांगायचं, थापा नाही मारायच्या."

"मला शिकवतेस?" बाई कडाडल्या. "तू फ्रॉक घालून फिरत होतीस तेव्हापासून तपासण्या काढल्यात मी. माझ्या कपाटांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

"लावत नाही. पण मोठ्या बाई, त्या दिवशी तुम्हालाच यायला जमलं नाही तर?"

"तर शाळेला टाळं लागेल!"

शिपाई खाली बघून हसला. हेडसर भांडणाला मुलखाचे भित्रे. "दोघी मिळून बघा काय ते," म्हणून त्यांनी छताच्या पंख्याकडे नजर लावली. बाईंनी मात्र नवीचा तो प्रश्न मनात घोळवत घरी नेला. बाईंना नवीची चीड होती, अगदी तिच्या स्वच्छ टेबलाची, तिच्या हसून बोलण्याची, शिक्षक हल्ली थेट तिच्याकडे जातात त्याची. आणि हेडसरांचा तर संताप येत होता. इतकी वर्षं त्यांची लाज राखली आणि त्या पोरीसमोर एक शब्द बोलवला नाही माणसाला. कळू दे एकदा. नाक दाबलं की तोंड आपोआप उघडतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी बाईंनी शाळेत फोन केला, रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं आणि हेडसरांनी काही बोलायच्या आत ठेवून दिला. किल्ल्या पर्समध्ये, पर्स मांडीवर. जाण्यायेण्याची वाट अडवून त्या दिवाणखान्यात फोनजवळ बसल्या. साडी इस्त्रीची नेसल्या होत्या. गाडी पाठवतो म्हणाले तर तयार असायला हवं.

"अगं, रक्तदाब वाढलेलं माणूस पावडर लावत नाही," नवरा कोड्यातून मान वर न काढता म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

"बसलोय. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, एवढं लक्षात ठेव."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा कोड्यात तोंड घातलं. सुनेनं दोनदा येऊन केर काढायचाय म्हणून सांगितलं, बाई हलल्या नाहीत. आता साहेब आले असतील. आता सेवापुस्तकं मागितली असतील. आता हेडसरांना घाम फुटला असेल आणि नवी कपाटाची मूठ हलवत रडकुंडीला आली असेल. हे चित्र बाईंनी चघळून चघळून बघितलं. पण फोन काही वाजेना. जेवणं झाली. बाईंनी रिसीव्हर उचलून पाहिला, तो चालू होता.

दुपार कलल्यावर वाजला. बाईंनी मुद्दाम थोडा वाजू दिला. शिपाई होता.

"मोठ्या बाई, बरं वाटतंय ना? पाहुण्यांचे चांगले कप कुठे ठेवलेत? नव्या मॅडमना सापडेनात."

"कप? आधी कपाटं उघडा म्हणावं! किल्ल्या माझ्याकडे आहेत!"

"कपाटं होय? ती उघडलीच की. खेळाच्या सरांच्या कपाटाची किल्ली सगळ्या कपाटांना लागते. एकाच वेळी, एकाच दुकानातून घेतलेली ना ती. बैठकीत तुमचं दोघींचं वाजलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. तुम्ही घरी गेलात की मॅडम एकेक कपाट बघायच्या अन् होतं तसंच परत लावायच्या. तुमच्या जिवाला त्रास नको म्हणून. आज सकाळी सगळं टेबलावर मांडलं. साहेब एकदम खूश. थांबा हं, हेडसर बोलतायत."

हेडसरांचा आवाज बाईंनी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता.

"बाई, छान झालं सगळं! उगीच काळजी करत बसू नका. आणि ते मुदतवाढीचं म्हणत होतात ना, मीच आता तुम्हाला गळ घालणार नाही. या वयात तब्येतीशी खेळ नको. खूप केलंत शाळेसाठी. आता निवांत आराम करा."

माझी तब्येत ठणठणीत आहे, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. सकाळी फोनवर काय सांगितलं होतं ते त्यांनाच आठवलं.

"कप खिडकीखालच्या खणात आहेत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नवऱ्यानं मान वर करून त्यांचा चेहरा पाहिला. मग त्यानं शेजारच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली.

आतून सुनेचा आवाज आला, "आई, बरं वाटत असेल तर जरा उठता का तिथून? मला केर काढायचाय."

बाई उठल्या.