लाभ नावाची टेस्ट

मंजुषाने आयुष्यात वांगं कधी कापून पारखलं नाही. कापून काय, कोणीही सांगेल! आंजी (मोठी)च्या त्यांच्या वावरात तोडा झाला की वांग्यांचा जांभळा ढीग गोणपाटावर ओतला जायचा आणि फ्रॉकातली मंजुषा त्याच्यासमोर अशी मांडी ठोकून बसायची, की वाटावं दरबार भरलाय आणि एकेक आरोपी पुढे येतोय. देठाखाली सुईएवढं भोक दिसलं, बाहेर! आकाराच्या मानाने हाताला हलकं लागलं, बाहेर! तिची छायाकाकू कपाळाला हात लावायची.

"अवं, जरा दया कर त्याहीच्यावर. अर्धा ढीग तं तूच हाकलून राह्यली."

"किडकं हाय ते."

"तुले कसं मालूम? पोटात शिरून पाह्यलं का?"

"पोटात कायले शिरा लागते? तोंडावरच लिवलेलं हाय नं."

ही पोरगी मोठी झाली, वर्ध्यात इंजिनिअर झाली आणि सावंगी (मेघे)ला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. कंपनी म्हणजे मेडिकलच्या पोरांच्या खानावळीवरची माडी. खाली फोडणी पडली की वर सगळ्यांना एकदम शिंका येत आणि त्या शिंकांचा सूर जमला की काम करायला हुरूप यायचा. मंजुषा आंजीहून स्कूटीवर यायची, ओढणीचा फेटा सोडायची, डबा खिडकीत ठेवायची आणि कामाला बसायची. डब्यात वांग्याची भाजी. रोज. भाजीवाल्यांच्या घरी दुसरं काय असणार?

कंपनीचे मालक सदाशिवराव. गोल पोट, गोल चष्मा, गोल मन. त्यांना सगळे काकाजी म्हणत. त्यांच्या टेबलावर एक पितळेची घंटा होती, आणि त्या घंटेमागे एक रीत होती.

ही रीत कळायला एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रोग्राम लिहिणारी मंडळी प्रोग्रामाच्या प्रत्येक लहान तुकड्यासाठी आणखी एक चिमुकला प्रोग्राम लिहितात. त्याला ते टेस्ट म्हणतात. त्याचं काम एकच: तुकड्याला प्रश्न विचारायचा. दोन अधिक दोन किती रे बाबा? चार म्हणाला तर हिरवी खूण, पाच म्हणाला तर लाल. सगळ्या टेस्ट एकदम चालवल्या आणि पडदाभर हिरवंगार झालं, की काकाजी उभे राहून घंटा वाजवत आणि खालून तर्री-पोहे मागवत. घंटा रोज वाजे. पोहे रोज येत. माडी सुखात होती.

फक्त मंजुषा सुखात नव्हती. "इतकी हिरवी तं आमच्या वावरातली पालकबी नसते," ती तर्रीत फरसाण बुडवत पुटपुटायची.

"नजर नको लावू वं मंजे," आदेश म्हणायचा. आदेश सिंदी (रेल्वे)चा, कापूसवाल्यांच्या घरचा, कंपनीतला सगळ्यात जुना गडी. प्रोग्रामाचा पाया त्यानेच घातलेला. दिलदार माणूस, आवाज असा की माईकने लाजावं. गणेशोत्सवातल्या नाटकात राजा तोच व्हायचा आणि ती ऐट तो ऑफिसातही पूर्ण उतरवून ठेवत नसे.

या वेळचं काम मंजुषाच्या काळजाजवळचं होतं. आंजीच्या भाजीवाल्यांनी मिळून एक केंद्र काढलं होतं. सगळ्यांचा माल तिथे मोजायचा आणि एकाच गाडीतून बाजारात पाठवायचा. मोजणीचा प्रोग्राम या माडीवर तयार होत होता. काट्यावर मालाची प्लास्टिक पेटी, म्हणजे कॅरेट, ठेवलं की मोबाइलवरचं त्या-त्या क्रमांकाचं बटण दाबायचं, वजन आपोआप नोंदलं जाणार. गाव आधी तयार नव्हतं. मशीन काय, खाऊन टाकील आमचा माल! मग छायाकाकू पदर खोचून उभी राहिली. प्रत्येक ओसरीवर जाऊन तिने सांगितलं, "आमच्या मंजुषाचं मशीन हाय. एक वांगं इकडचं तिकडं झालं तं माह्या तोंडात शेण घालजा." गाव हसलं आणि तयार झालं. आता सोमवारी पहिली मोजणी होती आणि पहिला मान छायाकाकूच्या मालाला होता. मंजुषाच्या एका शब्दावर काकूने आपलं गावभरचं तोंड पणाला लावलं होतं. ते आठवलं की मंजुषा पोह्यांची बशी बाजूला सारायची.

म्हणून तिने एक उद्योग केला. टेस्ट चालवून हिरवंच दिसतं ना? मग चालवायच्याच नाहीत! नुसत्या वाचायच्या. वांगं कापायचं नाही, देठ बघायचा. तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो बाकीच्या टेस्ट एकामागून एक वाचून काढायचा आणि शंकेखोर सासूसारखा शेरे मारायचा. ही टेस्ट सगळं करते, पण प्रश्नच विचारत नाही. हिच्यात इतके प्रश्न कोंबलेत की लाल झाली तर दुखतं कुठे ते कळणार नाही. हिचा प्रश्न "जर असं असेल तर" या अटीत बसलाय, म्हणजे अट जुळलीच नाही तर बाई गप्प. आणि ही नुसतीच थोडा वेळ झोपा काढते! या प्रोग्रामाचं नाव तिने ठेवलं, वांगेपारखी.

शुक्रवारी सकाळी, खालच्या फोडणीच्या मुहूर्तावर, तिने वांगेपारखीला मोकळं सोडलं.

अहाहा! काय तो पडदा! शेऱ्यांची अशी मिरवणूक निघाली की मंजुषाचं बोट स्क्रीन सरकवून दमलं. प्रश्नच नाही. प्रश्नच नाही. झोप काढते. प्रश्नच नाही. तिला आधी धडकी भरली आणि मग हसू फुटलं, आणि ते आवरेना. कारण तिला दिसलं की प्रत्येक फाइलीत पहिला शेरा एकाच नावाच्या टेस्टवर होता. टेस्टचं नाव होतं 'लाभ'. आणि त्या टेस्टच्या पोटात काहीच नव्हतं.

"आदेशदादा, हे लाभ काय हाय?"

आदेशने खुर्ची वळवली. राजाने सिंहासन वळवावं तशी.

"लाभ माहीत नाई तुले? आमच्या घरी जवारीचं माप घालताना आजोबा कधी एक म्हणत नव्हते. लाभ, दोन, तीन, चार. पहिलं माप लाभाचं! मंग मी म्हणलं, नवीन फाइल उघडली का पहिली टेस्ट लाभाची. काई करत नाई बिचारी. हिरवी होते आन् शकुन देते."

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्या काय?"

"बाकीच्याबी शकुनच देऊन राह्यल्या नं!"

झालं होतं असं, की नवी टेस्ट लिहायची तर माणूस वरची उचलून खाली चिकटवतो आणि नाव बदलतो. वरती कोण? लाभ. मग तिच्या साच्यात नवं काम भरलं जायचं आणि प्रश्न घालायचा राहून जायचा, कारण साच्यात प्रश्नाची जागाच नव्हती. आदेशने केलं, त्याचं बघून सगळ्यांनी केलं, आणि खरं सांगायचं तर दोन-चार मंजुषाच्याही निघाल्या. नावं मात्र एकेक भारदस्त. 'रद्द केलेलं कॅरेट बेरजेतून वजा होतं.' 'पहिल्या कॅरेटचं वजन धरलं जातं.' आत कॅरेट काट्यावर चढायचं, उतरायचं आणि कोणी काही न विचारता घरी जायचं. हिरवी खूण!

आदेश वाकून वाचू लागला. मग एकदम टाळी वाजवून ओरडला, "पाह्य, पाह्य! हे टेस्ट तं चांगली हाय. प्रश्न दुसऱ्या फाइलीत नेऊन ठेवला हाय, तिथून विचारते. तुह्या पारखीनं चांगलं वांगं फेकलं!"

मंजुषाने तपासलं. खरंच, चांगलं होतं. "एक चुकलं," ती म्हणाली.

"एक चुकलं म्हंजे सारी पारखीच चुकली."

"असं काऊन? लावू का पैज? तूच बोट ठेव. कोणत्याबी टेस्टवर. मी फक्त प्रश्न घालते."

आदेशने डोळे मिटले, हात हवेत फिरवला, थोडं नाट्य केलं आणि बोट टेकवलं. 'पहिल्या कॅरेटचं वजन धरलं जातं.' मंजुषाने खाली एक ओळ लिहिली: वीस किलो ठेवले, बेरीज वीस आली का? आणि टेस्ट चालवली.

लाल.

माडीवर कोणी कधी लाल बघितलंच नव्हतं. आदेशने आधी स्क्रीनचा खटका तपासला. मग वाचलं. वीस हवे होते, आले शून्य.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मोबाइलवरच्या पहिल्या बटणावर आदेशने हौसेने एकच्या जागी 'लाभ' लिहिलं होतं. बेरीज करणारा तुकडा मोजायचा फक्त आकड्यांची कॅरेटं, आणि लाभ काही आकडा नव्हे. म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचं पहिलं कॅरेट मशीनच्या पोटात गडप! आणि ऑफिसात हे कधी दिसलं नाही, कारण काटा शून्यावर आणायला आधी रिकामं कॅरेट ठेवायची सवय होती. लाभाचं बटण त्या रिकाम्या कॅरेटवर दाबलं जायचं. रिकाम्याचं वजन शून्य. कसं छान जमायचं!

मंजुषाच्या डोळ्यांसमोर सोमवार उभा राहिला. छायाकाकूचं पहिलं कॅरेट. जमलेलं गाव. आणि कोणीतरी शेणाची पाटी घेऊन पुढे येतंय.

तेवढ्यात काकाजी पोह्यांची बशी घेऊन आले. एव्हाना मंजुषाने आणखी टेस्टमध्ये प्रश्न घातले होते आणि पडद्यावर लाल खुणांचा सडा पडला होता. काकाजींचा चमचा तोंडापाशीच थांबला.

"हे काय वं पोरी? काल दिवाळी होती, आज शिमगा कुठून आणला?"

"काकाजी, शिमगाच होता. आपण घंटा वाजवून राह्यलो होतो."

ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. काकाजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि आदेशकडे वळले. आता राजा काय करतो? राजा उठला. छातीवर हात ठेवला. "काकाजी, लाभ माहा. साचा माहा. अन् सोमवारी आंजीत मार खायचा असन तं तोबी माहाच." एवढं बोलून त्याचा चेहरा इतका पडला की मंजुषाला हसू आलं, तिचं बघून आदेशला, आणि मग काकाजींचं गोल पोट हलायला लागलं. खुर्च्या हलल्या, बशी हलली, तर्री सांडली. बिंग फुटल्यावर असं हसणारी माणसं मिळायला नशीब लागतं.

हसून झाल्यावर सगळे बाह्या सरसावून बसले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. वांगेपारखी बोट दाखवी, मंजुषा प्रश्न घाली, टेस्ट लाल होई, आदेश तुकडा दुरुस्त करी, टेस्ट हिरवी होई. आता प्रत्येक हिरव्या खुणेला आदेश असा ओरडे, की खालची मेडिकलची पोरं विचारायला आली, वर मॅच लागली आहे का. काकाजींनी घंटा कपाटात टाकली होती. "कमावल्याबिगर नाई वाजवणार," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी शेवटी उरली ती लाभ. पोट रिकामं, चेहरा प्रसन्न. आदेश तिच्याकडे बघत राहिला. लग्न होऊन निघालेल्या मुलीकडे बघावं तसा.

"काढून टाक," तो म्हणाला. "माह्यानं नाई होत, तूच काढ."

"काढायची कायले?" मंजुषा म्हणाली. "आजोबा रिकामं माप घालून लाभ म्हणत होते का?"

"नाई! गच्च भरून. शीग लावून."

"मंग!"

तिने लाभच्या पोटात प्रश्न घातला: पहिलं कॅरेट काट्यावर चढलं, ते सगळंच्या सगळं बेरजेत आलं का? आदेशने स्वतः बटण दाबलं. हिरवी! काकाजींनी कपाट उघडलं आणि घंटा अशी बडवली की पलीकडच्या गल्लीतली पोरं शाळा सुटली समजून धावत सुटली.

सोमवारी आंजीच्या केंद्रावर गाव लोटलं. छायाकाकू हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून आली होती. वांग्यांच्या कॅरेटमागे ती उभी होती ती नवरदेवाच्या आईसारखी. आदेशही सिंदीहून आला होता. काट्यावर बाबाराव होते, गावातले जुने मापारी. त्यांनी कॅरेट उचललं, काट्यावर ठेवलं, आणि त्यांच्या गळ्यातून तो जुना सूर निघाला, "लाभ!"

मंजुषाने लाभाचं बटण दाबलं. आदेशने तिचा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला. मोबाइलवर आकडा उमटला. काट्यावर होता तोच, ग्रॅमलाही न चुकता, आणि खाली बेरजेतही तोच. आदेशने अशी आरोळी ठोकली की बाबारावांचा फेटा सरकला. काकूने गावाकडे नजर फिरवली. "शेण कोणी आणलं होतं?" लोक मागे वळून बघायला लागले. "आणलं असन तं घरी न्या, सारवायले कामी येईन."

सगळे हसत होते, आणि त्या आनंदात मंजुषाचा हात जुन्या सवयीने कॅरेटकडे गेला. तिने एक वांगं उचललं. देठाखाली सुईएवढं भोक. "काकू, हे काढ. किडकं हाय."

"आज?" काकू कडाडली. "माह्या मानाच्या कॅरेटात? काप! साऱ्यांसमोर काप!"

कोणीतरी विळी आणली. मंजुषाने आयुष्यात पहिल्यांदा पारखायला वांगं कापलं. दोन फाका झाल्या. आत पांढराशुभ्र गर, अळीचा पत्ता नाही. भोक झाडाच्या कुठल्याशा काट्याने पडलं होतं.

आदेश जमिनीवर बसला आणि पोट धरून लोळायलाच लागला. "एक चुकलं! काकू, एक चुकते तिचं! मी शुक्रवारपासून सांगून राह्यलो!"

"चुकू दे," काकूने मंजुषाचा गाल ओढला, "पण माहं वांगं वाया गेलं त्याचं काय?"

"वजनातून वजा होईन," मंजुषा डोळे पुसत म्हणाली. "त्याचीबी टेस्ट हाय!"

बाबारावांनी कॅरेट उतरवलं, मंजुषाने जुनी नोंद रद्द केली आणि बेरीज शहाण्यासारखी शून्यावर आली. मग कॅरेट पुन्हा चढलं. दुसऱ्यांदा मोजताना लाभ म्हणायचं की दोन, यावर ओसरीओसरीचं मत वेगळं पडलं. बाबारावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यापेक्षाही लांब सूर लावला.

"लाऽऽभ!"