मेसच्या मावशींचे दोन बॉयलर

"आधी भात दाखवा, मग कागद." मी पुढे केलेलं बॉयलरचं माहितीपत्रक मावशींनी कोपरानं बाजूला सारलं, कारण दोन्ही हात कणकेत होते.

लातुरात शिकवणीच्या पोरापोरींसाठी असलेल्या एका मेसचं स्वयंपाकघर मावशी सांभाळायच्या. मूळच्या नायगावच्या. पाचशे जणांचं जेवण गॅसच्या भट्ट्यांवर व्हायचं आणि उन्हाळ्यात तिथं उभं राहवत नसे. म्हणून मालकांनी वाफेवर स्वयंपाक करायचं ठरवलं. मी नांदेडहून बॉयलर विकत फिरायचो. मालक म्हणाले, मावशींना पटलं तरच घेऊ. तुम्ही विक्रीच्या धंद्यात असाल, तर अशा गिऱ्हाइकाची धास्ती तुम्हाला ठाऊक असेल.

भात दाखवायला मी त्यांना तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरला नेलं. तिथल्या एका आश्रमशाळेत आमचा बॉयलर चालू होता. मुख्याध्यापक कौतुकानं सगळं सांगत होते, पण मावशी कधीच मागच्या शेडमध्ये पोचल्या होत्या. बॉयलर चालवणाऱ्या माणसाशी अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत त्यांचं छान जमलं. मग शितं दाबून पाहिली, मान हलवली. परतीच्या गाडीत म्हणाल्या, "आमच्या बोअरचं पाणी खारं हाय. नळीत खपली धरंल, त्याचं काय?"

हा प्रश्न मला आजवर एकाही मालकानं विचारला नव्हता. पाण्यातले क्षार काढून ते मऊ करायची टाकी मी गाडीतच यादीत धरली.

किती मोठा बॉयलर घ्यायचा, ते ठरवायचा दिवस आला. मी आणि मालक एका मोठ्या बॉयलरवर येऊन थांबलो होतो. मावशी म्हणाल्या, दोन लहान घ्या. दिवाळीत निम्मी पोरं गावाला जातात, तेव्हा एवढं धूड कशाला पेटवायचं? शिवाय एक रुसला तर दुसरा हाय. मालकांची अडचण जागेची होती. मावशींनी स्वयंपाकघराला लागून असलेल्या दाराकडं बोट केलं.

"माझी निजायची खोली घ्या."

पहाटे चारला कामाला लागणारी ही बाई दुपारी घटकाभर ज्या खोलीत पाठ टेकायची, तिथं दुसरा बॉयलर बसला. त्या मग तांदळाच्या पोत्यांना टेकून डुलकी काढू लागल्या. वर मलाच सांगायच्या, की इथं वारं लई चांगलं येतं.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन परीक्षेच्या सकाळी, एका बॉयलरचा पाण्याचा पंप बंद पडला. फोन आला तसा मी मेकॅनिकला घेऊन नांदेडहून निघालो. वाटभर डोळ्यांसमोर उपाशी पोरं. पोचलो तर मेस रिकामी. सगळी पोटभर खाऊन परीक्षेला गेली होती. एकच मोठा घेतला असता तर काय झालं असतं, ते मला कळत होतं. मावशींनाही कळत होतं, पण त्यांनी आमच्यापुढं ताटल्या मांडल्या. "तुम्ही खाल्लं न्हाई ना? बसा, उपमा गरम हाय." मेकॅनिकनं तीनदा मागून घेतला.

आता मेसमध्ये दुसरी माणसं आहेत. मावशी नायगावला लेकीकडं असतात. मागच्या महिन्यात त्या बाजूला गेलो, तेव्हा डोकावलो. घरात माणसं तीन आणि गॅसवर हे भलंमोठं पातेलं. आईला थोडकं रांधायला जमतच नाही, अशी लेकीची हसत हसत तक्रार चालली होती. मावशी म्हणाल्या, हात वळत न्हाई, काय करू? तेवढ्यात गल्लीतल्या बायका आपापली रिकामी भांडी घेऊन हसत आत शिरल्या. मावशींनी पदर खोचला आणि वाढायला उठल्या.