काडी विझवून धूर पाहणाऱ्या कुंदाताई

डॉ. कुंदा राऊत नव्या जागी गेल्या की पर्समधून काडेपेटी काढायच्या, एक काडी ओढायच्या, लगेच फुंकून विझवायच्या आणि तिचा धूर कुठे वळतो ते पाहत उभ्या राहायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच भानगडीत. झाशीतल्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेचा दरवान त्यांना माझ्या खोलीत घेऊन आला. "साहब, ये मैडम पोर्च में माचिस जला रही थीं." बाईंच्या हातात मुलाखतीचं बोलावणं होतं. दारावरची माझी पाटी वाचून त्या हसल्या. "दामले म्हणजे आपलेच की जी. वारा पाहत होती मी, बाकी काही नाही."

मी उत्तर हिंदीत दिलं. बसा, बोलावतो, एवढंच.

याचं कारण सांगायला हवं. आमचं घराणं पूजेअर्चेच्या निमित्ताने झाशीत आलं त्याला कित्येक पिढ्या झाल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, असंच आम्ही वाढलो. प्रयोगशाळेत भरतीचं काम माझ्याकडे होतं आणि तिथे मराठी माणूस मी एकटाच. "दामलेंनी आपला माणूस भरला" असं कोणी म्हणू नये, ही धास्ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मला होती. कुंदाताईंची कंत्राटी जागेवर निवड झाली त्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन मी हळूच मराठीत सांगितलं, की ऑफिसात माझ्याशी मराठी बोलू नका. त्यांनी राग धरला नाही. "बरं जी," म्हणाल्या. त्यानंतर सिव्हिल लाइन्समधल्या त्या इमारतीत त्यांच्या तोंडून एकही मराठी शब्द मी ऐकला नाही.

त्यांचा विषय आग. गवताला, जंगलाला आग लागते कशी, पसरते कशी आणि विझल्यावर तिथे काय उगवतं, याचा अभ्यास. गरौठा गावाच्या वाटेवर आमचं एक केंद्र आहे, भोवती नुसतं गवताचं रान. हिवाळ्यात, वारा पडलेला पाहून, त्या गवताची एक लांब पट्टी मुद्दाम जाळून घ्यायच्या. तिला त्या जाळरेषा म्हणत. उन्हाळ्यातली आग तिथवर येते आणि पुढे जळायला काही नसल्यामुळे थांबते. पहिल्या वर्षी गावातली माणसं बांधावर जमली. आग विझवायला आलात की लावायला, असं एका म्हाताऱ्याने बुंदेलीत विचारलं, "काय बिन्नू, आग बुझाबे आईं हो कै लगाबे?" कुंदाताईंनी पदर खोचला आणि आग झोडपायला त्याच्या हातात ओली फांदी दिली. "लगाने आई हूँ दादा. थोड़ा अभी जलने दो." संध्याकाळी परतताना म्हातारा त्यांना आपल्या घरी चहाला घेऊन गेला.

थोडं जळू द्या जी, हे त्यांचं पालुपद होतं. रविवारी आमच्याकडे जेवायला येत, तेव्हा माझ्या बायकोला, उज्ज्वलाला, भाताखालचा गॅस बंद करू देत नसत. तळाला लागलेला करपट भात त्यांना मनापासून आवडायचा. तो सुरीने खरवडून त्या ताकाबरोबर खात आणि माझी फिरकी घेत. "वहिनी, हे दामले चपलांबरोबर हिंदी पण दाराशी काढून ठेवतात काय जी?" उज्ज्वला खूप हसायची. मीही हसायचो.

मग त्याच कामासाठी कायम जागा निघाली. कुंदाताईंचं वय मर्यादेच्या काठावर आलं होतं. पुन्हा अशी संधी येणार नव्हती. त्यांना घोर एकच होता. मेळघाटात वनविभागाच्या वणवा विझवणाऱ्या तुकड्यांबरोबर त्यांनी काढलेली वर्षं संशोधनाचा अनुभव म्हणून धरतील का? आमच्याच जेवणाच्या टेबलावर मी त्यांना सांगितलं, धरतात. मागे मातीचा अभ्यास करणाऱ्या एका उमेदवाराची अशीच वर्षं मीच नियम दाखवून धरायला लावली होती. निर्धास्त राहा म्हणालो. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी कँटीनमध्ये हिशेब विभागातले श्रीवास्तवजी समोसा मोडत म्हणाले, "क्यों दामले जी, झाँसी में फिर मराठा राज ला रहे हैं?" सगळे हसले. श्रीवास्तवजी मनाचे चांगले. माझ्या आईच्या आजारपणात रोज इस्पितळात येत होते. ते गमतीने बोलले हे मला तेव्हाही कळत होतं. तरी अर्धा समोसा तसाच टाकून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष कुंदाताईंवर खूश होते. शेवटी त्यांनी त्या वर्षांचा प्रश्न काढला आणि माझ्याकडे वळले. "दामले जी, नियम क्या कहता है?" कुंदाताईही माझ्याकडे पाहत होत्या, अगदी निवांत. मी समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे पाहिलं आणि म्हणालो, "सर, स्पष्ट नहीं है."

स्पष्ट होता. मला तो पाठ होता.

कोणीही योग्य आढळलं नाही, असा शेरा पडला. कंत्राट संपल्यावर, झाशी सोडण्याआधी कुंदाताई आमचा स्टीलचा डबा परत द्यायला घरी आल्या. रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून त्यात वाळलेली मोहफुलं भरली होती. उज्ज्वला रडली, नशीब म्हणाली. कुंदाताई मला फक्त "येते जी" म्हणाल्या. खरं काय झालं ते मी उज्ज्वलालाही सांगितलं नाही. ती जागा काही काळ रिकामी राहिली, मग वरून काढूनच घेतली. कुंदाताई चंद्रपूरकडे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागल्या.

त्या गेल्यावर जाळरेषा कोणी जाळली नाही. यंदाच्या उन्हाळ्यात केंद्राचं सगळं रान जळालं. पाहून आलो आणि ऑफिसच्या पोर्चमधूनच त्यांना फोन लावला. दरवान शेजारी उभा होता. मी मराठीत बोललो.

त्यांनी आधी माणसं-गुरं विचारली. सुखरूप आहेत म्हटल्यावर घाईघाईने बोलू लागल्या. "नांगर घालू देऊ नका जी कोणाला. वरून काळं दिसते, पण मुळं जिवंत असतात. पावसाने येईल परत."

मग मी सांगितलं. नियमाचं, कँटीनचं, सगळं.

"मला काय तेव्हाच नाही कळलं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बशीकडे पाहत होते. ऑफिसात मराठी बोलू नका म्हणाले, मी नाही बोलली. पण तुम्ही हिंदीत तरी खरं बोलायचं होतं जी."

मग त्यांनीच विचारलं, "वारा कोणीकडला आहे आज तिथं?"

मी दरवानाकडे काडेपेटी मागितली. काडी ओढली, विझवली आणि धूर कुठे वळतो ते पाहत उभा राहिलो. फोन कानालाच होता. पलीकडे त्या थांबल्या होत्या.