ज्याला मी दोरावरून काढला

आमच्या किनाऱ्यावर तांडेलाचा शब्द शेवटचा. होडी कधी लोटायची, रापण कुठं सोडायची, दोराला पुढं कोण आणि मागं कोण, हे तांडेल सांगतो आणि चाळीस माणसं ऐकतात. आचऱ्याच्या बाजूला एका वाडीत मी एकवीस वर्षं तांडेल होतो. शाळा चौथीपर्यंत, त्यात तिसरी दोनदा. तरी कॉलेजात गेलेले झील, म्हणजे वाडीतले पोरगे, माझ्यासमोर विडी लपवायचे. एवढी फुशारकी आधीच मारून घेतो, पुढं तिला जागा नाही.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात. त्याची दोन टोकं किनाऱ्याला, आणि प्रत्येक टोकाच्या दोराला वीस-वीस माणसं लागून जाळं ओढून आणतात. दोर ओला, खारट, वाळू भरलेला. हंगाम सुरू होऊन महिना झाला की सगळ्यांच्या तळव्यांना भेगा पडतात. पुढच्याचं रक्त दोराला लागतं आणि तोच दोर मागच्याच्या हातातून सरकतो. त्याचं कधी कोणाला काही वाटलं नव्हतं.

माझ्या पुढं दोराला लागायचा तो आमच्याच वाडीतला. तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांचा असेल. दोन हजार पाच साली गणपती झाल्यावर एका दुपारी मी माडाखाली जाळं सांधत बसलो होतो, तिथं तो आला. बराच वेळ उभाच राहिला.

"बस मरे. उभो कित्याक?"

तो बसला नाही. म्हणाला, "तांडेलानू, माझा रगत तपासल्यानी. माका तो रोग आसा. तुमीपण तपासून घेवा."

मी सुई जाळ्यात घातली ती तिथंच राहिली.

त्यानं मलाच का सांगितलं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव साली रापणीला मासळी लागेना, म्हणून मी दोन हंगाम गोव्याला ट्रॉलरवर गेलो. तोही होता. मासळी उतरवली की खलाशी बंदराच्या मागच्या वस्तीत जायचे. पहिल्या वेळी तो येत नव्हता, जेटीवर पाय सोडून बसला होता. मी त्याला म्हटलं, "ऊठ. भियाक काय वाघ आसा थंय?" मी त्याच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठा. तो उठला.

त्या दुपारी मी त्याला म्हणालो, "बरा, बघूया." तो गेला. मरणाची भीती होती, खोटं कशाला सांगू. पण मरणापेक्षा मोठी भीती माझ्या घरात चुलीपुढं बसून बांगडे चिरत होती. गोव्याहून आल्यापासून सात वर्षं मी बायकोच्या बाजूला झोपत होतो. माझ्यात असेल तर तिच्यात मीच घातलं. या एका विचारानं त्या रात्री तोंडात घास फिरेना.

शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला असता. मी काय केलं? सकाळी होडी जाळं टाकून आली, माणसं दोराला लागली, तो नेहमीसारखा माझ्या पुढं येऊन उभा राहिला. त्याच्या तळव्यांच्या भेगा मला दिसल्या, माझ्याही दिसल्या. आणि मला एकदम वाटलं, हे दोरावरूनच आलं असेल. माझ्यात असेल तर दोरावरून. गोव्यावरून नाही. बुडत्याला फळी सापडावी तसा मी त्या दोराला धरून राहिलो.

"तू आज दोराक हात लावू नको," मी म्हटलं.

"कित्याक?"

"हात फुटलेत तुझे."

"सगळ्यांचे फुटलेत."

मागून कोणीतरी ओरडलं, "तांडेल आज हात बघूक लागले रे! पत्रिका पण बघतास काय?" सगळे हसले. मला हसू सहन झालं नाही. मी म्हणालो, "हसतास काय? ह्याच्या रगतात रोग आसा. मुंबयवाल्यांका होता तो."

हसू बंद झालं. दोर सगळ्यांच्या हातातून सुटला, वाळूत पडला.

त्यानं एकच वाक्य बोलायचं होतं, 'ह्यांनीच माका थंय नेल्यानी.' तो बोलला नाही. माझ्याकडं बघितलं, कमरेचा पंचा सोडून झटकला आणि वाळू तुडवत गेला. त्याचा वाटा मी संध्याकाळी त्याच्या घरी पाठवला. त्याच्या आयशीनं ती टोपली परत आणली, माझ्या अंगणात मासळी ओतली आणि गेली. मांजरांनी दोन दिवस खाल्ली.

मग मी दोर उकळायला घेतला. पूर्वी जाळ्यांना रंग द्यायचा मोठा हंडा होता, त्यात मीठ, फिनेल आणि तो दोर. तीन दगडांची चूल पेटवून किनाऱ्यावरच बसलो. माणसं लांब उभी राहून बघत होती. तेवढ्यात ती बाई आली.

ही बाई कुडाळकडची. गेलं वर्षभर या रोगाची माहिती द्यायला महिन्यातून दोनदा बंदरावर यायची. पिशवीत चित्रं, निरोधाची पाकिटं आणि एक लाकडी नमुना, तो बघून माणसं माडाच्या आड जाऊन हसायची. एकानं निरोध फुगवून रापणीला, जाळं तरंगत ठेवणारा बोया म्हणून बांधला, तर ही म्हणाली, "फुगवा, फुगवा. केवढं ताणलं तरी फुटत नाही, ते लोकांना कळू दे." मी तिला दोनदा हाकलली होती. 'हंय आयाबहिणी माशे घेवक येतत,' म्हणून.

"काका, काय शिजवताय?"

"रोग," मी म्हटलं.

ती हंड्याजवळ उकिडवी बसली. दोर बघितला, मग माझे हात. "दोरानं होत नाही काका. घामानं, पाण्यानं, एका ताटात जेवून नाही होत. दोरानं होत असतं तर ही अख्खी रापण आडवी झाली असती."

"मगे कशान होता?"

मी विचारायला नको होतं. तिनं सांगितलं. साध्या शब्दांत, न लाजता. सुईचं सांगितलं, रक्त चढवण्याचं सांगितलं, आईकडून बाळाला जातं ते सांगितलं. आणि त्याआधी सगळ्यात पहिलं ते सांगितलं, जे मला ऐकायचं नव्हतं. लांबची माणसं ऐकायला जवळ सरकली होती. मी लाकूड पुढं सारलं आणि धुरानं डोळे चुरचुरतात असं दाखवलं.

उठताना ती हळू म्हणाली, "गुरुवारी मी कणकवलीच्या सरकारी दवाखान्यात असते. कोणाचं नाव बाहेर जात नाही." हे माझ्यासाठी होतं की कोणासाठीही म्हणायची, कोण जाणे. मला वाटलं तिनं मला आरपार बघितलं.

पुढचा महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बर्फाच्या कारखान्यात मासळी तोलायचा मोठा काटा होता. मासळी नसतानाही मी रोज जाऊन त्यावर उभा राहायचो. काटेवाला विचारायचा, "तांडेलानू, तुमका खंय पाठवूचा आसा? बर्फ घालू?" मी हसायचो आणि काट्याचा आकडा बघायचो. अर्धा किलो कमी दिसला की घाम फुटायचा. पान खाऊन जीभ लाल झाली की ती आरशात बघायचो. साधा खोकला आला तरी पडवीत जाऊन खोकायचो. ताट-तांब्या वेगळा केला, झोपायलाही पडवीत. बायकोला सांगितलं, दोर ओढून पाठ गेली.

ती मासे विकणारी बाई. गिऱ्हाइकाचं खोटं तिला टोपली उतरवायच्या आधी कळायचं. म्हणाली, "पाठ दुखता तर ताट कित्याक वायला? पाठीन जेवतास काय?"

मी चिडलो. ओरडलो. तिनं माझं ताट घासून वेगळंच ठेवलं, त्याची मला जास्त भीती वाटली.

शेवटी एका गुरुवारी जाळ्याचं सूत आणायला जातो असं सांगून कणकवलीची एस्टी धरली. मालवणला दवाखाना नव्हता असं नाही, पण तिथं अर्धा गाव भेटतो. दवाखान्यात त्या बाईची खोली जिन्याखाली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, दाराला पडदा. मी बसायच्या आधीच म्हणालो, "माका काय नाय. दोराक हात लावलेलो, म्हणान इलंय."

"काका," ती म्हणाली, "दोराचं आपण किनाऱ्यावर बोललो. इथं दुसरं काही बोलायचं असेल तर बोला. नसेल तरी रक्त घेऊ."

मी पडद्याकडं बघत राहिलो. मग गोव्याचं सांगितलं. माझ्या मुलीच्या वयाच्या बाईला. आयुष्यात एवढी मान खाली गेली नव्हती. तिनं फक्त मान हलवली. त्याला मी नेलं होतं, तेही सांगितलं. तेव्हा मात्र तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

रक्त घेतलं. दोन तासांनी परत बोलावलं. तिनं खुर्ची जवळ ओढली तेव्हाच मला कळलं. पुढं ती गोळ्यांचं बोलली, तपासण्यांचं बोलली, कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्याचं बोलली, लोक पुष्कळ वर्षं जगतात म्हणाली. मला एकच ऐकू आलं. "काकींना घेऊन या. लवकर."

तीन गुरुवार गेले. प्रत्येक बुधवारी मी ठरवायचो, प्रत्येक गुरुवारी सकाळी समुद्रावर पळायचो. वादळात होडी घातलेला माणूस मी, पण बायकोशी एक वाक्य बोलायला तोंड उघडेना. चौथ्या बुधवारी ती पुढच्या खळ्यात तारली मासळी वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. गोवा, रक्त, सगळं. त्याला मी नेल्याचंही.

तिनं हातातल्या मूठभर तारल्या नीट पसरल्या. मग विचारलं, "किती वर्षां झाली?"

"सात."

"आणि माका आज सांगतास."

तिनं रडायला हवं होतं, मला मारायला हवं होतं. ती तारली पसरत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "उद्याची एस्टी कितीची?"

जिन्याखालच्या खोलीत बाईनं मला बसू दिलं नाही. "ज्याचं त्याला सांगायचं, असा नियम आहे काका." मी बाहेरच्या बाकावर. बायकोचं रक्त घेतलं, त्यानंतरही ती माझ्या बाजूला येऊन बसली नाही, दुसऱ्या बाकावर बसली, पदर डोक्यावरून घेऊन. ते दोन तास मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही, फेडता येणार नव्हतं. फक्त तिच्यात नको, एवढंच. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पडद्याच्या आत तिला बोलावलं. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

ती बाहेर आली ती सरळ स्टँडच्या वाटेला लागली. मी मागून.

"काय म्हणाली?"

ती चालत राहिली. एस्टीत खिडकीकडं तोंड करून बसली. मी परत विचारलं, हळू, बाजूच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. मग ती वळली.

"सात वर्षां तुमी गप रवल्यात. माका आचऱ्यापर्यंत तरी गप रवाक देवा."

कणकवली ते आचरा. एस्टी प्रत्येक फाट्याला थांबत होती. कोणी कोंबड्या घेऊन चढलं, कोणी उतरलं. माझ्या कानात नुसता दर्याचा आवाज. तिच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते बघायचो आणि मग भीतीनं बघणं सोडायचो. हातात तिकिटाचा चुरा झाला होता.

आचऱ्याला उतरलो. तिनं पिशवी खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "माका नाय. तीन म्हयन्यांनी परत बघूचा आसा."

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. ती उभी होती.

"आता तेच्याकडे जावा," ती म्हणाली.

"तू येतंस?"

"तेका काढल्यात तेव्हा माका इचारूक इल्लात?"

गेलो. तो अंगणात पाग विणत बसला होता. पाग म्हणजे एकट्यानं फेकायचं लहान जाळं. एकट्याला दोर लागत नाही. त्याची आई दारात होती, मला बघून आत गेली. तो निम्मा राहिला होता अंगानं.

"माका पण तोच आसा," मी म्हणालो.

त्याची सुई थांबली नाही. दोन गाठी मारून झाल्यावर म्हणाला, "मगे तांडेलानू? आता दोर कोण वडतलो?"

"फाल्या सगळ्यांका सांगतंय. माझा, आणि तुका थंय कोणी नेल्यान ता पण."

"भियातास?"

आजवर कोणी मला असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर थोबाडीत खाल्ली असती.

"होय," मी म्हटलं.

त्यानं पाग बाजूला ठेवला. "मगे मियां येतंय सकाळी," तो म्हणाला. "तुमचा तोंड बघूक."

सकाळी तो आला. मी होडीच्या बाजूला उभा राहून सगळं सांगितलं. मधे दोनदा पाणी प्यालो. सांगून झाल्यावर काही माणसं चपला घालून निघून गेली. काहींनी कमरेला गमछा बांधला. एकानं विचारलं, "दोर उकळूचो आसा की वडूचो?" कोणी हसलं नाही, पण तोच पहिला दोराला लागला. तांडेलकी त्या आठवड्यात दुसऱ्याकडं गेली, ती जायलाच हवी होती. पण त्या दिवशी मी दोर धरला. निम्म्या माणसांवर जाळं जड येत होतं. ज्याला मी काढला होता, तो माझ्या पुढं उभा राहिला नाही. माझ्या मागं दोराला लागला. तो माझ्या तळव्यांकडं बघतो आहे की पाण्याकडं, हे वळून बघायची मला जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत हिंमत झाली नाही.